खपल्या पडल्या, पण दुखणं गेलं नाही

“ताई, मी २९ वर्षांची आहे. पाच आठवड्यांपूर्वी उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली आणि दोन दिवसांनी तिथे फोड उठले. डॉक्टरांनी नागीण असल्याचं सांगितलं. गोळ्या पूर्ण घेतल्या, खपल्याही पडल्या. पण अजून कपडा घासला तरी चटका बसल्यासारखं होतं, रात्री झोप लागत नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, ‘हा तर म्हाताऱ्यांचा आजार, तुला कसा झाला?’ फोड ओले होते तेव्हा माझी गरोदर बहीण भेटायला आली होती. तिला मी फक्त ‘अंगावर काहीतरी उठलंय’ एवढंच सांगितलं. आता तिचा फोन आला तरी छातीत धस्स होतं. मी रात्र रात्र जागून काम केलं, त्याचंच हे फळ का? – अपराधी”

प्रिय मैत्रिणी,

तू खाली सही केलेल्या नावाने मी तुला हाक मारणार नाही. तुझा काहीही अपराध नाही.

आधी बहिणीचं बोलू, कारण दुखण्याइतकीच ती भीतीही तुला जागी ठेवतेय असं तुझं पत्र वाचताना वाटलं. नागीण एकाची दुसऱ्याला लागत नाही. मात्र ओल्या फोडांतल्या पाण्यात कांजिण्यांचा विषाणू असतो. ज्याला कांजिण्या कधी झाल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. तुझे फोड बरगडीखाली, म्हणजे कपड्याआड होते, त्यामुळे धोका आणखी कमी. बहिणीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तिला संरक्षण आहे. शिवाय कांजिण्या उठायच्याच असत्या तर साधारण १० ते २१ दिवसांत उठल्या असत्या. ती मुदत केव्हाच टळली.

तरीही तिला सांग. सगळं सांग. तिला कांजिण्या झाल्या होत्या की नाही हे आठवत नसेल, तर तिच्या डॉक्टरांना रक्ताच्या तपासणीतून संरक्षण आहे का ते कळेल. कदाचित ती चिडेल, ‘तेव्हाच का नाही बोललीस?’ म्हणेल. म्हणू दे. रोज तिचा फोन टाळण्यापेक्षा तो राग सोसणं पुष्कळ सोपं आहे.

आता ‘म्हाताऱ्यांचा आजार’. पन्नाशीनंतर नागिणीचं प्रमाण वाढतं हे खरं. पण लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो आणि कधीतरी एखाद्या नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. एडगर होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका फॅमिली डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली हे मांडलं. त्यांच्या त्या रुग्णांमध्ये तरुण होते, लहान मुलंसुद्धा होती. एकाच नसेचा पट्टा म्हणून पुरळ सहसा अंगाच्या एकाच बाजूला राहतं. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, अशी भीती तुला कुणी घातली असेल तर ती मनातून काढून टाक.

जागरणाबद्दल विचारलंस. थकवा आणि ताण यांच्याशी नागिणीचा संबंध जोडला जातो, पण जागणाऱ्या लाखो माणसांना ती होत नाही आणि शांत झोपणाऱ्यांनाही होते. झोप पुरेशी घे, ती बरं होण्यासाठी हवी म्हणून. शिक्षा भोगल्यासारखी नको. डॉक्टरांनी एचआयव्ही किंवा साखरेची तपासणी सुचवली तर तीही निमूट करून घे. प्रतिकारशक्ती तपासण्याचा तो एक भाग आहे, तुझ्या वागण्यावर कुणी घेतलेला संशय नव्हे.

आणि मुख्य गोष्ट, दुखणं. फोड साधारण दोन ते चार आठवड्यांत भरतात, पण त्वचा भरली म्हणजे नस बरी झाली असं नाही. सुजलेली, दुखावलेली नस साध्या स्पर्शालाही ‘आग’ म्हणून मेंदूकडे कळवत राहते. म्हणून मऊ कपडाही तुला बोचतो. हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. तुझ्या वयात हे दुखणं बहुतेक वेळा हळूहळू ओसरतं. तीन महिन्यांपलीकडे रेंगाळणारी वेदना प्रामुख्याने उतारवयात दिसते. पण ओसरेल म्हणून दात-ओठ खात बसू नकोस. डॉक्टरांकडे परत जा आणि नुसतं ‘अजून दुखतंय’ म्हणू नकोस. जळजळतं, झिणझिण्या येतात, कपडा सहन होत नाही, झोप मोडते, असं एकेक सांग. बायका इथेच कमी बोलतात आणि साधी वेदनाशामक गोळी घेऊन परत येतात. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात : गॅबापेन्टिन, प्रीगॅबलिन, रात्री कमी मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिन, किंवा बऱ्या झालेल्या त्वचेवर लावायची लिडोकेनची पट्टी. यातल्या गोळ्यांनी गुंगी येऊ शकते, म्हणून गाडी चालवण्याबद्दल विचारून घे. मनाने सुरू करू नकोस आणि एकदम थांबवूही नकोस. घरी सैल, मऊ सुती कपडे आणि गार पाण्याची घडी, एवढं पुरे. त्या जागी कुणी सांगेल तो लेप लावू नकोस.

ऑफिसात सगळं उलगडून सांगायची गरज नाही. ‘जखम भरली, नस अजून दुखतेय, काही दिवस अर्धा दिवस काम करीन’ एवढं म्हण. लागलं तर डॉक्टरांची चिठ्ठी दे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी : अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पुरळ उठलं तर थांबू नका. विषाणूवरची गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वाधिक उपयोगी पडते. पुरळ कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, दृष्टीला धोका असतो. कानात फोड आणि चेहरा एका बाजूला ओढला जाणं, हेही तितकंच तातडीचं.

तुझ्यासाठी क्रम असा : आज बहिणीला फोन, उद्या डॉक्टरांची वेळ. ऑफिसचं त्यानंतर पाहू.

तुझी,
ताई