संध्याकाळचा भाव

"मॅडम, किंमत सांगायची वेळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. समोर माणूसही नसतो हो, नुसतं फोनवर टाइप करायचं असतं."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली मालवणकडची मुलगी, वय सत्तावीस. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, लिहायला तिची हरकत नाही.) सकाळी एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवते, दुपारनंतर घरी जलरंगात होड्या, कौलारू घरं, पागोळ्या. चित्र पोस्टकार्डापेक्षा जरासं मोठं. इन्स्टाग्रामवर टाकते, किंमत ३५० रुपये, टपालखर्च धरून. पण कोणी "काही कमी होईल का?" विचारलं की दोन मिनिटांत अडीचशे, मग दोनशे. एकदा तर "राहू दे, भेट समजा" म्हणून फुकटच पाठवून दिलं आणि रात्रभर तळमळत राहिली.

तिच्या कॉलेजच्या सरांनी म्हणे बजावलं होतं, "असं स्वस्तात विकत बसलीस तर उद्या तुझ्या मोठ्या चित्राला कोण विचारणार?" तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा : छोटी, स्वस्त चित्रं विकून मी स्वतःचीच किंमत कमी करून घेतेय का? हा प्रश्न घेऊन येणारी ती पहिली नाही. केक करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकाही हेच विचारतात.

सुरुवातीला मी चुकले. संध्याकाळी फोन बाजूला ठेव, असं सांगून बसले. पुढच्या आठवड्यात ती जास्तच कावलेली, कारण गिऱ्हाइकं संध्याकाळीच विचारतात आणि दोन ऑर्डरी हातच्या गेल्या होत्या. मग साधी वही करायला सांगितली. मेसेज काय आला, तो वाचताक्षणी मनात कोणतं वाक्य उमटलं, आणि ते खरं कशावरून. पहिल्याच पानावर होतं : 'कमी होईल का?' शेजारी : 'यांना कळलं, मी काही खरी आर्टिस्ट नाही.' तिसरा रकाना कोरा. तो बराच वेळ कोराच राहिला.

एकीकडे हिशेब मांडला. जलरंगाच्या जाड (३०० जीएसएम) कागदाची पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांची. चार वेळा निम्मी करत गेलं की साडेपाच बाय साडेसातचे १६ तुकडे पडतात. तुकड्याचा कागद, रंग, दोन बाजूंना पुठ्ठा, प्लॅस्टिकचं पाकीट, टपाल असं मिळून तिचे दीडशेच्या आसपास जात होते. म्हणजे दोनशेला दिलं की अडीच तासांच्या कामाचे पन्नास रुपये. आकडा बघून ती स्वतःच हसली. सरांच्या बोलण्यातलं खरं-खोटंही इथेच सुटलं : किंमत आकाराला आणि वेळेला बांधली की छोटं चित्र मोठ्याचा भाव पाडत नाही; पाडते ती ऐन वेळची माघार. आणि आकाराचंच म्हणाल तर सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघा. १२० पानं, एकेक तळहातात मावणारं. लहान आहेत म्हणून त्यांना कोणी हिणवत नाही.

पण गाठ सुटली ती माझ्यामुळे नाही. तिची आई मासे विकते. वाटा लावून बसायचं, गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तरी "घेवचा तर घे" म्हणून पुढच्याकडे वळायचं, हे लेक लहानपणापासून बघतेय. मी विचारलं, आईला अपमान वाटतो का गं? ती म्हणाली, छे, पण आईसुद्धा संध्याकाळी भाव उतरवतेच की. मी म्हटलं, मग तिलाच विचार, का उतरवते.

पुढच्या वेळी आईचं उत्तर जसंच्या तसं घेऊन आली : "मासो सांजेक कुसता, म्हणान मी भाव उतरवतंय. तुजा चित्र कुसता काय गो?"

(मालवणच्या पावसात बुरशी धरते, हे दोघींनाही माहीत होतं. तेवढ्यापुरती ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी पुरते.)

मग तिने एक गोष्ट केली. तीन आकारांच्या तीन किमती कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आणि नकाराचा मेसेजही आधीच लिहून ठेवला, कारण घासाघीस सुरू झाल्यावर शब्द शोधायला गेलं की भीतीच बोलते. कमी करायचंच तर गणपतीच्या आधी एकदा, सगळ्यांसाठी, आधी जाहीर करून. पहिले काही दिवस विक्री थोडी घटली, हेही सांगायला हवं. झोप मात्र सुधारली. ती सुधारली नसती तर मी तिला डॉक्टरांकडे पाठवणार होते.

शेवटच्या भेटीत तिने फोन पुढे केला. पुण्याच्या कोणीतरी विचारलं होतं, "तीनशेला द्याल?" तिचं उत्तर : "नाही हो, टपाल त्यातच आहे." त्यांनी घेतलं नाही. रापणीचं, किनाऱ्यावरून जाळं ओढतानाचं ते चित्र अजून तिच्याकडेच आहे, डब्यात, पुडीसकट. वहीत त्या दिवसाचा तिसरा रकाना भरलेला होता : 'बजेट नसेल.'