जोडी फुटली, आता लाख्याचं काय करू?

पत्र : ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, पाच एकर कोरडवाहू. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर वीज पडून आमचा पाखऱ्या बैल गेला. मालकांनी दुपारी जोडी सोडली, पाखऱ्याला धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलं, लाख्या दूर बंडीजवळ, म्हणजे बैलगाडीजवळ होता. सहा वर्षं दोघं एका जुवाखाली चालले. पाखऱ्याच्या तोंडात गवताचा घास तसाच होता. मालक सारखं म्हणतात, 'म्या तिथं बांधलाच नसता त वाचला असता.' जेवण कमी झालंय, वावरात जायला पाय निघत नाही त्यांचा. लाख्या अर्धं कुटार तसंच सोडतो, दिवस मावळला की रिकाम्या खुंट्याकडं तोंड करून हंबरतो. सासूबाई म्हणतात, एकटा बैल पोसून काय करता, विकून टाका. व्यापारी दोनदा येऊन गेला. पोळा तोंडावर आहे आणि मालक म्हणतात, यंदा तोरणात बैल नेणार नाही. नऊ वर्षांचा पोरगा कोठ्यात पाय ठेवत नाही, विचारतो, 'पाखऱ्याला लई दुखलं असंल का?' पंचनामा झाला, पण पैशाचं मालक नाव काढू देत नाहीत. मी काय करू?

ताई,

पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तोंडातला घास. विजेचा झटका बसला की काळीज जागच्या जागी बंद पडतं, जनावराला घास गिळायलाही वेळ मिळत नाही. विजेनं गेलेल्या गुरांच्या तोंडात चारा तसाच सापडतो, तो यामुळेच. पाखऱ्या चरता चरता गेला, तडफडला नाही. हे पोराला सरळ सांगा आणि मालकांच्या कानावरही पडू द्या. 'देवाघरी गेला', 'दूर गावाला दिला' असलं काही सांगू नका. नऊ वर्षांच्या पोराला खरं कळतं, आणि खोटं त्याहून लवकर कळतं.

मालकांना 'तुमची काही चूक नाही' असं म्हणू नका, त्यांना ते पटणार नाही. काय घडलं ते सांगा. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून उतरताना जवळच्या जनावरावर उडी मारते, उरलेली जमिनीत पसरते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर असतं. जमिनीतला प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून खाली उतरतो आणि वाटेत काळीज असतं. दोन पाय जवळ ठेवून उभ्या असलेल्या माणसापेक्षा गुरं जास्त दगावतात ती म्हणून. बैल बाभळीला बांधायला नको होता, हे खरं. पण उघड्या वावरात बांधला असता तरी तो वाचलाच असता असं नाही, कारण मोकळ्या रानात तोच सगळ्यात उंच ठरला असता. आणि दुपारी बैल सोडल्यावर सावली पाहून बांधायचा, हे तर गावातला प्रत्येक शेतकरी करतो. पुढच्यासाठी मोबाईलवर 'दामिनी' टाकून घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ते ॲप आहे, आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर काम सोडायचं आणि पक्क्या छताखाली जायचं.

आता मालकांचं. बैल गेलेल्या घरात दोन-चार आठवडे जेवण कमी होणं समजण्यासारखं आहे. पण दीड-दोन महिने होत आले तरी माणूस वावरात जात नाही, हे मी हलक्यात घेणार नाही. रात्री झोप लागते का? 'आता काय राहिलं' असं बोलतात का? कर्जाचा विषय निघाला की एकदम गप्प होतात का? यातलं एकही असेल तर त्यांच्याशी सरळ बोला, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का हेही विचारा. विचारल्यानं तसं मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही लावा, मग त्यांच्या हातात द्या. आणि फवारणीचं औषध घरात किंवा कोठ्यात उघडं ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. घरात लहान पोर आहे, तेवढं कारण सांगायला पुरे.

लाख्याबद्दल सगळे म्हणतील, जोडीदाराच्या आठवणीनं खात नाही. असेलही. सहा वर्षं एकाच अंगाला शेजार होता, तो गेला. पण दीड महिना अर्ध्या चाऱ्यावर राहिलेल्या बैलाला नुसतं दुःखी म्हणून सोडून देणं बरं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. आधी आजार नाही याची खात्री करा. ताप बघा : थर्मामीटरला दोरा बांधा, शेपटीखाली गुदद्वारात दोन मिनिटं ठेवा. १०१ ते १०२.५ फॅरनहाईट ठीक, १०३ च्या वर गेलं तर डॉक्टर. मग डाव्या कुशीत मूठ रोवून उभ्या राहा, दोन मिनिटांत दोन-तीनदा आतून ढवळल्यासारखं हाताला लागलं पाहिजे. रवंथ करतो का, शेण कसं आहे, लघवी लाल आहे का ते बघा. डोळ्याची खालची पापणी ओढा, आतून पांढरीफटक दिसली तर गोचिडाच्या तापाचा संशय घ्या. कानामागं आणि मागच्या पायांच्या सांध्यात हात फिरवा, गोचीड तिथंच लपतं. त्या दिवशी लाख्याला झटक्याचा काही अंश बसला होता का, तेही तपासून घ्या. डोळ्यासमोर हात हलवल्यावर पापणी मिटतो का? चालताना मागचा पाय ओढतो का? विजेतून वाचलेल्या जनावराची नजर किंवा मागचे पाय अधू झालेले पुष्कळदा नंतर लक्षात येतात. १९६२ वर फोन करा, पशुवैद्यकीय विभागाचं फिरतं पथक त्याच नंबरवर मिळतं.

सगळं ठीक निघालं, तर मग एकटेपणावर इलाज. त्याचा खुंटा बदला. गाय, कालवड, नाहीतर शेळी, जे असेल ते नजरेच्या टप्प्यात, दीड-दोन हातांवर बांधा. चारा थोडा थोडा, तीन-चार वेळा टाका, रोज गव्हाण झाडून. मीठ ३० ग्रॅम आणि खनिज मिश्रण ५० ग्रॅम ढेपेत कालवून द्या. लाड म्हणून गुळाचे गोळे किंवा पिठाचे उंडे चारू नका, आणि गुडघ्याच्या आतली कोवळी ज्वारी तर मुळीच नको, ती गुराला विषारी ठरते. नुसता बांधूनही ठेवू नका. गावात ज्याच्याकडे एकच बैल उरलाय अशा शेतकऱ्याशी बोला, डवरणीला, म्हणजे उभ्या पिकातल्या कोळपणीला, दोन दिवस त्याच्या वावरात, दोन दिवस तुमच्या. बैलाचं अंग हललं की भूक लागते, आणि मालकांनाही कासरा हातात धरावा लागेल.

विकायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे : पोळ्याआधी नाही. पडलेला बैल आणि खचलेला मालक दिसला की व्यापारी भाव पाडूनच मागतो. शिवाय राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे दहा वर्षांचा एकटा बैल कोण कशासाठी नेतो याची चौकशी केल्याशिवाय दावं कोणाच्या हाती देऊ नका. सासूबाईंचं चाऱ्याचं गणित खोटं नाही. म्हणून त्यांना 'नाही' म्हणू नका, 'दिवाळीला बघू' म्हणा.

पोळ्याला लाख्याला न्या. एकटा बैल तोरणाखाली कशाला, असं म्हणणारे भेटतील, त्यांना म्हणू द्या. डवरणीसाठी जो बैल जोडला असेल तो शेजारी उभा करता आला तर उत्तम. मालक अगदीच तयार नसतील, तर तोरण राहू द्या पण खांदशेकणी चुकवू नका. आदल्या संध्याकाळी खांदा कोमट पाण्यानं धुवायचा, तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचा आणि कानात आवतन द्यायचं : 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' हे मालकांनीच करावं, दुसऱ्या कोणी नाही. पाखऱ्याची कपाळावर बांधायची मठाटी आणि घुंगरमाळ लाख्याला चढवू नका, पुढं येणाऱ्या बैलालाही लगेच नको, धुऊन पुसून ठेवा. आणि पुरणपोळी एक, फार तर दोन. पोळ्याच्या दिवशी गावभर फिरताना प्रत्येक दारात पोळी मिळते, गोड आणि धान्य एकदम पोटात गेलं की आंबतं, पोट फुगतं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरची धावपळ. अर्धपोटी राहिलेल्या बैलाला तर ते लवकर बाधतं.

पोराला कोठ्यात ओढून नेऊ नका. कुटाराची टोपली दारापर्यंत आणून ठेवायचं काम द्या, आत तो आपोआप जाईल. पोरांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन जायचं की नाही, ते त्यालाच ठरवू द्या.

नुकसानभरपाई घ्या. ओढकामाच्या बैलाला सरकारी निकषाप्रमाणे ३२ हजार आहेत. मालकांना वाटतं, ती पाखऱ्याची किंमत झाली. ती किंमत नाही, पुढच्या बैलाचा इसार समजा. तलाठ्याचा पंचनामा, पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल, सातबारा, आधार जोडलेलं बँक खातं आणि पाखऱ्याच्या कानातल्या १२ अंकी टॅगचा नंबर, एवढं घेऊन तहसीलमध्ये तुम्ही स्वतः जा. अर्ज कुठवर आला ते विचारा, पोच घ्या.

नवा जोडीदार बघाल तेव्हा दोन दाती खोंड बघू नका, त्याला शिकवण्यातच लाख्याची उमेद जाईल. सहा दाती किंवा नुकता जुळलेला, म्हणजे साधारण चार-साडेचार वर्षांचा, बरा. लाख्या ज्या अंगाला चालतो त्याच्या उलट अंगाची सवय असलेला हवा, आणि वशिंडाची उंची जुळली पाहिजे. उंचीत फरक असला की जू कलतं, बुटक्याच्या मानेवर ओझं येतं आणि पंधरा दिवसांत खांदा सुजतो. विकणाऱ्याला समोर वखर जुंपून तासभर चालवायला लावा, मगच इसार द्या. घरी आणल्यावर पहिले दोन दिवस लांब, एकमेकांना दिसेल असा बांधा, गव्हाण वेगळी ठेवा. कानात टॅग नसेल तर बैल कितीही देखणा असो, घेऊ नका.