नव्या धुराड्याच्या चुलीसाठी

ताई, चूल बसवून झाली, आता आधी सरपणाकडे बघा. ताजी तोडलेली बाभूळ आतून ओलीच असते. जाळाची धग त्या पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि अर्धवट जळलेला धूर धुराड्याच्या गार नळीत डांबरासारखा चिकटतो. पुढे हाच थर पेट घेऊ शकतो. म्हणून लाकडं उन्हाळ्यातच फोडून वाळवा आणि मृगाआधी पत्र्याखाली रचा. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत.

पेटवायला आपल्या मराठवाड्यात तुराट्या-पऱ्हाट्यांची कमी नाही, पण त्या भुर्रकन जळतात. भाकरी शेकायला बाभळीचाच आर हवा. चुलीचं तोंड गच्च भरू नका. वारा आत गेला नाही तर धूर घरात फिरतो. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड कधीच घालू नका, हे अगदी कळकळीनं सांगते.

चूल रोज वापरात असेल तर महिन्यातून एकदा, ती गार असताना, धुराडं झाडा. काढलेली राख रात्रभर लोखंडी घमेल्यातच ठेवा, आत निखारा जिवंत असतो. आणि निखारे धुमसत असताना दारं-खिडक्या लावून त्या खोलीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.