सरकारांवर एवढं कर्ज आहे, मग जग लांबलचक मंदीत जाणार का?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेपासून जपानपर्यंत सगळीच सरकारं कर्जात बुडाली आहेत, तर आता वर्षानुवर्षांची मंदी अटळ आहे का. मी नोकरीतली बरीच वर्षं कर्जरोख्यांच्या, म्हणजे सरकार उसने पैसे घेताना देतं त्या कागदांच्या, हिशेबात काढली. तिथून बघताना एक जाणवलं: कर्जामुळे मंदी आली असं लोक म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा आधी मंदी आलेली असते आणि कर्ज तिच्या मागून वाढलेलं असतं.

जपानचंच बघा. 29 डिसेंबर 1989 ला निक्केई, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, 38,915 वर बंद झाला, नंतर कोसळला, आणि तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडला. शेअरचे आणि जमिनींचे भाव बसले, पण त्या भावांच्या भरवशावर काढलेली कर्जं जिथल्या तिथे राहिली. मग व्याजदर शून्याला टेकले तरी कंपन्या नवं कर्ज घेईनात, जुनंच फेडत बसल्या. एकट्या कंपनीपुरता हा शहाणपणा. पण सगळ्यांनीच हात आखडला तर माल घ्यायचा कोणी? ती कसर सरकार भरून काढत राहिलं आणि त्याचं कर्ज जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या, दुपटीपलीकडे गेलं. तरीही दिवाळं निघालं नाही, कारण कर्ज स्वतःच्याच चलनात, येनमध्ये होतं आणि बहुतेक रोखे जपान्यांकडेच होते.

ग्रीसला ही सोय नव्हती. युरो छापणं त्याच्या हातात नव्हतं. तिथला हिशेब मला अजून पाठ आहे. 2009 अखेर कर्ज सुमारे 300 अब्ज युरो, म्हणजे जीडीपीच्या सव्वापटीहून थोडं जास्त. पगार कापले, पेन्शन कापली, कर वाढवले. 2012 मध्ये कर्ज देणाऱ्या खासगी गुंतवणूकदारांच्या रोख्यांतले 100 अब्जांहून जास्त युरो माफ करून घेतले. एवढं करून 2014 ला कर्ज किती? सुमारे 320 अब्ज, आणि जीडीपीशी प्रमाण 180 टक्क्यांच्या आसपास! अंश फारसा हललाच नव्हता, छेद मात्र चौथा हिस्सा आक्रसला होता.

याच्या उलट दुसऱ्या महायुद्धानंतरचा ब्रिटन. कर्ज तेव्हाही जीडीपीच्या दुपटीहून जास्त होतं. ते रोख मोजून कोणी फेडलं नाही. उत्पादन वाढलं, भाव वाढले, व्याज मुद्दाम खाली दाबून ठेवलं आणि जीडीपीच्या तुलनेत कर्ज विरघळत गेलं. रोखे धरून बसलेल्यांचा खिसा त्यात गुपचूप हलका झाला, हे फारसं कोणी सांगत नाही.

मग आज काळजीचं काही नाही का? आहे, ते व्याजात. 2020-21 मध्ये जवळपास फुकट मिळालेलं कर्ज आता मुदत संपली की चढ्या दराने नवं कर्ज काढून फिरवावं लागतंय. 2024 च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचा व्याजावरचा खर्च संरक्षणाच्या पुढे गेला. बाजार बिथरला की वेळ मिळत नाही: 23 सप्टेंबर 2022 ला ब्रिटनने पैशांची तजवीज न करता करकपात जाहीर केली, 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंड या तिथल्या मध्यवर्ती बँकेला रोखे खरेदीला उतरावं लागलं आणि महिन्याच्या आत पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

तेव्हा माझा अंदाज: 1930 च्या जागतिक महामंदीसारखी पडझड नाही, पण बऱ्याच देशांत रेंगाळलेली, पाय ओढत चालणारी वाढ. ज्यांचं कर्ज डॉलरमध्ये आहे त्यांचे हाल जास्त, 2022 मध्ये श्रीलंकेचे झाले तसे. खरी भीती मला एकाच गोष्टीची वाटते: व्याजाला घाबरून सगळ्या मोठ्या देशांनी एकाच वर्षी खर्च कापायला घेतला तर. एकटा देश निर्यात वाढवून त्यातून निभावून जातो. सगळं जगच काटकसरीला लागलं तर माल खपवायला पृथ्वीबाहेर गिऱ्हाईक नाही.