ट्रकवर कुणाचं नाव लिहायचं?

प्रिय पोरी,

तुझी कॉपी वाचली. मेहनत दिसते. ‘इस्रायलची गाझाला मदत’ असं हेडिंग देऊन तू एकीकडे इस्रायली यंत्रणेचे आकडे मांडलेस, दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांचे, आणि निवाडा वाचकावर सोडून मोकळी झालीस. आता डेस्कवरचा एक म्हणतो हे इस्रायलचं प्रचारपत्रक आहे, दुसरा म्हणतो यात हमासची भाषा आहे. दोघांनीही कॉपी शेवटपर्यंत वाचलेली नसणार, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस. माझी तक्रार वेगळीच आहे. ही मदत कुणाची, हे तू कुठेच विचारलं नाहीस.

संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली कोगाट म्हणून एक इस्रायली यंत्रणा आहे. गाझात काय जाईल, किती जाईल, कोणत्या नाक्यातून जाईल, हे ती ठरवते. आज इतके ट्रक गेले, इतके टन पीठ गेलं, हे रोजचे आकडे तिचेच. आपल्याकडे ते ‘इस्रायलने पाठवले’ असे छापून येतात. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक माल संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा, अमिरातीचा, जॉर्डनचा, इजिप्तचा, अमेरिकेचा, नाहीतर गाझातल्या व्यापाऱ्यांनी पैसे मोजून मागवलेला. इस्रायल तो तपासतं आणि पुढे सोडतं. टोलनाक्यावरून गेलेला माल टोलवाल्याचा होत नाही. पण टोलवाल्याने फाटक पाडलं की सगळं जागच्या जागी थांबतं, हेही तितकंच खरं. म्हणून फाटक कधी उघडलं आणि कधी पडलं, ही तुझ्या बातमीची मुख्य ओळ. आकडे त्यानंतर.

फाटकाच्या तारखा माझ्या वहीत आहेत, तुझ्याही असू देत. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने हल्ला केला, सुमारे 1,200 माणसं मारली, 251 जणांना ओलीस नेलं. 9 तारखेला संरक्षण मंत्री योआव्ह गॅलंट यांनी संपूर्ण वेढा जाहीर केला: वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. पहिले 20 ट्रक 21 तारखेला इजिप्तकडून रफाहमधून आत गेले. इस्रायलच्या हद्दीतला केरेम शालोम नाका मदतीसाठी थेट उघडायला 17 डिसेंबर उजाडला. जानेवारी 2025 च्या युद्धबंदीत रोज 600 ट्रकांचा करार झाला आणि ट्रक खरोखरच आत गेले. मग 2 मार्चला सगळं बंद, ते 19 मेपर्यंत. अकरा आठवडे. त्यानंतर अमेरिकी ‘गाझा ह्युमॅनिटेरियन फाउंडेशन’ची, इस्रायलच्या पाठिंब्याची वाटप केंद्रं आली. संयुक्त राष्ट्रांची सुमारे 400 वाटपाची ठिकाणं होती, त्यांच्या जागी ही चार. जुलै 2025 च्या उत्तरार्धापर्यंत अन्न आणायला गेलेली हजाराहून अधिक माणसं मारली गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने केली, त्यातली बहुतेक या केंद्रांच्या आसपास. इस्रायली लष्कराने असे आकडे फेटाळले आणि आपण इशाऱ्याचे गोळीबार केले असं सांगितलं. 22 ऑगस्टला आयपीसी या अन्नसुरक्षा मोजणाऱ्या यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. तोही इस्रायलने नाकारला. ‘नाकारला’ हे तू लिहायचंस, पण त्याच परिच्छेदात मार्च ते मेच्या बंदीची तारीखही असली पाहिजे.

आता आकड्यांचं. कोगाट आणि संयुक्त राष्ट्रं यांचे आकडे जुळत नाहीत म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय, असा तुझा सूर आहे. जरा थांब. केरेम शालोमला काम कसं चालतं ते बघ. इजिप्त, इस्रायल आणि गाझा यांच्या सीमा जिथे भेटतात तिथे काँक्रीटच्या भिंतींनी वेढलेली आवारं आहेत. एका बाजूने ट्रक येतो, पॅलेट उतरवतो, परत जातो. माल तपासला जातो. मग गाझाच्या बाजूचं दार उघडतं, पॅलेस्टिनी ड्रायव्हर आपला ट्रक आत घेतो आणि तोच माल पुन्हा चढवतो. कोगाट मोजतं ते आवारात उतरलेलं. संयुक्त राष्ट्रं मोजतात ते तिथून उचललेलं. मधल्या फरकात सगळी बातमी आहे: आत जायची परवानगी वेळेत मिळाली का, रस्ता शाबूत आहे का, डिझेल आहे का, वाटेत टोळ्या बसल्यात का. 16 नोव्हेंबर 2024 ला 109 ट्रकांचा ताफा केरेम शालोमहून निघाला आणि त्यातले 90 हून अधिक लुटले गेले. कोगाटच्या हिशेबात ते गाझात पोहोचलेले ट्रक आहेत. खानयुनिसच्या बेकरीच्या हिशेबात नाहीत. इस्रायल म्हणतं माल हमास पळवतं, संयुक्त राष्ट्रं म्हणतात मोठ्या प्रमाणावर तसं झाल्याचा पुरावा नाही. दोन्ही दावे त्यांच्या त्यांच्या नावाने दे, तुझ्या नावाने एकही देऊ नकोस.

आणखी एक. युद्धाआधी कामाच्या दिवशी सुमारे 500 ट्रक आत जायचे, ते तू दिलंस, बरं केलंस. पण तेव्हा गाझात शेती होती, समुद्रात होड्या जात होत्या, बेकऱ्या चालू होत्या. ते सगळं मोडल्यावरचे 500 आणि तेव्हाचे 500 एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवू नकोस.

कायद्याचा परिच्छेद तू गाळलास, बहुधा वाचक कंटाळेल म्हणून. चार ओळी तरी हव्यातच. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं कलम 23 नागरिकांसाठीची औषधं आणि अन्नाची ठरावीक खेप जाऊ द्यायला सांगतं; शत्रूच्या हाती लागण्याची रास्त भीती असेल तर अटी घालायची मुभाही देतं. इस्रायल बोट ठेवतं ते याच अटीवर. 26 जानेवारी 2024 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मदत पोहोचू देण्याचा आदेश दिला तो 16 विरुद्ध 1 मतांनी. त्या 16 मध्ये इस्रायलने नेमलेले न्यायमूर्ती अहरोन बराक होते, हे आपल्याकडे फारसं कुणी छापलंच नाही. उलट मार्च 2025 मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने ‘गिशा’ आणि इतर इस्रायली संस्थांची मदतीबाबतची याचिका एकमताने फेटाळली. हे दोन निकाल एकाखाली एक ठेव. ‘इस्रायलचं म्हणणं’ असं एकच एक काही नसतं, हे तुला वेगळं सांगावं लागणार नाही.

तसंच सरकारचं. 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेने पाठवलेलं पीठ अश्दोद बंदरात अडकून पडलं. अमेरिकेच्या हिशेबाने ते 15 लाख माणसांना पाच महिने पुरलं असतं. नेतान्याहूंनी अमेरिकेला होकार दिला होता, आणि अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी माल यूएनआरडब्ल्यूएच्या, म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या, नावावर आहे म्हणून तो अडवला. त्याच अश्दोदमध्ये मराठी बोलणारी बेने इस्रायल घरं आहेत. तुझी कॉपी तिथेही वाचली जाईल. रॉकेटचा भोंगा ऐकून मुलांना घेऊन आडोशाला पळालेल्या माणसालाही ती वाचताना आपल्यावर ढकललंय असं वाटू नये, आणि त्याला बरं वाटावं म्हणून एकही तारीख गाळली जाऊ नये. दोन्ही जमतं. तारखा नीट दिल्या की विशेषणांची गरजच पडत नाही.

जिथे इस्रायलने खरोखर मदत घडवून आणली तिथे हात आखडू नकोस. ऑगस्ट 2024 मध्ये गाझात 25 वर्षांनी पोलिओ सापडला, देर अल-बलाहमधल्या दहा महिन्यांच्या बाळाला. लशीचे 12 लाख 60 हजार डोस, सोबत शीतपेट्या, हे सगळं इस्रायलच्या परवानगीने आत गेलं. ठरलेल्या भागांत ठरलेले तास लढाई थांबली, आणि सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांच्या तोंडात थेंब पडले, आपल्या पल्स पोलिओत पडतात तसेच. त्यासाठी इस्रायलला श्रेय दे, सढळ हाताने दे. आणि मग पुढचा प्रश्न विचार: लशीच्या पेटीला वाट मिळते, तर पिठाच्या पोत्याला का नाही? याचं उत्तर तुला नाक्यावर मिळणार नाही, मंत्रिमंडळात शोधावं लागेल.

आता ज्यांना तू एका ओळीत उरकलंस ती माणसं. माझं ऐकशील तर कॉपीचा मधला भाग यांना दे. युवाल रोथ यांच्या भावाला हमासने 1993 मध्ये पळवून नेऊन मारलं. पुढे याच रोथनी ‘रोड टू रिकव्हरी’ उभी केली. इस्रायली स्वयंसेवक स्वतःच्या गाडीने नाक्यावर जातात, पॅलेस्टिनी रुग्णाला, बहुतेक वेळा लहान मुलाला, आईबापासकट इस्रायली हॉस्पिटलात नेऊन सोडतात आणि संध्याकाळी परत आणतात. गाझातले रुग्ण घ्यायला गाड्या एरेझ नाक्यावर जायच्या. त्या ड्रायव्हरांमध्ये नीर ओझ किबुत्झचे ओदेद लिफशित्झ होते, आपल्याच व्यवसायातले, आयुष्यभर पत्रकारिता केलेले, ऐंशी ओलांडलेले. 7 ऑक्टोबरला त्यांना ओलीस नेलं. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचा मृतदेह परत आला. बेएरी किबुत्झच्या व्हिव्हियन सिल्व्हरही अशाच रुग्णांना ने-आण करायच्या. त्यांना त्याच दिवशी मारलं. एवढं होऊनही संस्था बंद पडली नाही. गाझाची वाट बंद झाली, वेस्ट बँकच्या नाक्यांवर गाड्या पुन्हा जाऊ लागल्या. ही खरी इस्रायली मदत, पेट्रोलही स्वतःचं. पण हिला सरकारच्या खात्यात जमा करू नकोस.

मे 2024 ची 13 तारीख तुझ्या कॉपीत नाही, ती घाल. त्या दिवशी वेस्ट बँकमधल्या तर्कुमिया नाक्यावर ‘त्साव 9’च्या इस्रायली कार्यकर्त्यांनी गाझाला निघालेले ट्रक अडवले आणि धान्याची पोती रस्त्यावर फोडली. त्यानंतर ‘स्टँडिंग टुगेदर’ या ज्यू आणि अरब नागरिकांच्या संघटनेचे लोक त्याच नाक्यावर जाऊन उभे राहिले, ट्रक सुरक्षित जावेत म्हणून. आणि त्याच 13 तारखेला सकाळी रफाहहून खानयुनिसजवळच्या युरोपियन हॉस्पिटलकडे निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा झाला. त्यात निवृत्त कर्नल वैभव काळे गेले. ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात नुकतेच रुजू झाले होते. पुण्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेव्हा आपल्याकडे पानभर छापून आलं, आणि आठवड्याभरात विषय संपला. गाडीवर संयुक्त राष्ट्रांची खूण होती. मारा रणगाड्यातून झाला असावा असं संयुक्त राष्ट्रांनी म्हटलं, आणि ताफ्यांच्या हालचाली आम्ही इस्रायलला कळवतो असंही. या गाडीचा मार्ग आम्हाला कळवला नव्हता, असं इस्रायली लष्कराने सांगितलं. मराठी वाचकाला ‘समन्वय’ हा कोरडा शब्द समजावून सांगायचा तर याहून जवळचं उदाहरण तुला मिळणार नाही. मात्र घरच्यांना फोन करून प्रतिक्रिया मागू नकोस. जे जाहीर आहे तेवढं पुरेसं आहे.

हेडिंग तुझं तू ठरव. ‘मदत’ शब्द ठेवायला माझी ना नाही, त्याच्या आधी कुणाचं नाव येतं ते प्रत्येक वाक्यात तपास. कॉपी लांबली तर स्मोट्रिचचा भाग काप, तारखा कापू नकोस. सोमवारी दुपारपर्यंत पाठवलीस तरी चालेल, मी त्याआधी बघणार नाही.

तुझी,
ताई