किल्ली आज, खरेदीखत सहा आठवड्यांनी: मधल्या काळात घराचा विमा कोणाचा?

प्रश्न: आम्ही पती-पत्नी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील पुनर्विक्रीची सदनिका घेत आहोत. साठेखत (विक्रीचा करार) नोंदवले असून वीस टक्के रक्कम दिली आहे. उरलेली रक्कम बँकेच्या कर्जातून साधारण सहा आठवड्यांनी दिली जाईल आणि त्याच दिवशी खरेदीखत होईल. फर्निचरच्या कामासाठी विक्रेते आजच किल्ली द्यायला तयार आहेत. मात्र ‘किल्ली दिल्यापासून सदनिकेच्या कोणत्याही नुकसानीची जबाबदारी खरेदीदाराची राहील’ अशा पुरवणी करारावर ते आमची सही मागत आहेत. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या दहा वर्षांच्या गृहविमा पॉलिसीची सहा वर्षे शिल्लक आहेत आणि ती घराबरोबर आपोआप आमची होईल. बँकेचा अधिकारी म्हणतो की विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल. संस्थेचे सचिव म्हणतात की संस्थेचा विमा आहे, वेगळा कशाला हवा? आम्ही नेमके काय करावे?

उत्तर: पुरवणी करारावर आहे त्या मजकुरासह सही करू नका आणि विक्रेत्यांची पॉलिसी आपोआप आपली होईल या समजुतीवर एक दिवसही राहू नका. आपल्याला ज्या तिघांनी सल्ला दिला त्यांच्यापैकी कोणी जाणूनबुजून खोटे बोलत आहे असे मला वाटत नाही. पण प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अर्धा भाग सांगितला आहे.

आज त्या घरात आग लागली तर नुकसान कोणाचे, हे आधी पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. कलम ५५(५)(सी) सांगते की मालकी खरेदीदाराकडे गेल्यानंतर, विक्रेत्यामुळे न झालेल्या नाशाचा वा हानीचा तोटा खरेदीदाराने सोसायचा. याचा उलट अर्थ स्पष्ट आहे : खरेदीखत होईपर्यंत तो तोटा मालकाचा, म्हणजे विक्रेत्याचा. शिवाय कलम ५५(१)(ई) प्रमाणे कराराच्या तारखेपासून ताबा देईपर्यंत मिळकतीची काळजी एखाद्या सुज्ञ मालकाप्रमाणे घेणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. पण कलम ५५ च्या आरंभीच ‘विरुद्ध करार नसल्यास’ अशी अट आहे आणि आपल्यापुढे सहीसाठी ठेवलेला कागद हाच तो विरुद्ध करार आहे. त्यावर सही करताच आपण मालक न होता मालकाची जोखीम पत्कराल आणि ‘ताबा दिलाच आहे’ असे म्हणून विक्रेते काळजी घेण्याच्या कर्तव्यातूनही मोकळे होऊ पाहतील.

त्यामुळे किल्ली देणे म्हणजे ताबा देणे नव्हे, एवढी एक गोष्ट कागदावर स्वच्छपणे आली पाहिजे. मूळ साठेखत नोंदवलेले असल्याने पुरवणी करारही नोंदवून घेतलेला बरा. त्यात मी पुढील मजकूर सुचवीन :

‘खरेदीदारांना सदनिकेत अंतर्गत काम करण्यापुरती परवानगी म्हणून किल्ली दिली असून त्यामुळे सदनिकेचा ताबा हस्तांतरित झालेला नाही. खरेदीखतावर सह्या होईपर्यंत सदनिकेच्या नुकसानीची जोखीम विक्रेत्यांची राहील. मात्र खरेदीदार, त्यांचे ठेकेदार अथवा कामगार यांच्या हयगयीने झालेले नुकसान खरेदीदार भरून देतील. विक्रेते आपली विमा पॉलिसी खरेदीखताच्या दिवसापर्यंत चालू ठेवतील, सदनिकेत काम चालू असल्याचे विमा कंपनीला लेखी कळवतील आणि खरेदीदारांच्या हिताची नोंद त्या पॉलिसीवर करून घेतील. सदनिका राहण्यास अयोग्य होईल असे नुकसान झाल्यास, करार रद्द करून दिलेली सर्व रक्कम परत घेण्याचा अथवा नुकसानीइतकी रक्कम मोबदल्यातून वळती करून व्यवहार पूर्ण करण्याचा पर्याय खरेदीदारांना राहील.’

यातील हयगयीचे वाक्य विक्रेते मागतीलच आणि ते न्याय्यही आहे. आपला सुतार दुपारी जेवायला गेला आणि चालू राहिलेल्या यंत्राने आग लागली, तर त्याचा भार विक्रेत्यांनी का सोसावा? परंतु पॉलिसीवर आपल्या हिताची नोंद करून घेण्याचा आग्रह मी याच कारणासाठी धरतो. अशा आगीत विमा कंपनी विक्रेत्यांना भरपाई देते आणि मग त्यांच्या जागी उभी राहून, ज्याच्या हयगयीने आग लागली त्याच्याकडून, म्हणजे आपल्याकडून, ती रक्कम वसूल करू पाहते. विक्रेत्यांच्या विम्याने आपले संरक्षण होते असे समजणाऱ्या खरेदीदारांना ही वसुलीची नोटीस हातात पडल्यावरच वस्तुस्थिती कळते. आपल्या हिताची नोंद असेल तर आपण त्या कंपनीला अगदीच परके राहत नाही.

आता ‘सहा वर्षे शिल्लक’ असलेल्या पॉलिसीविषयी. हा गैरसमज बहुधा वाहनांवरून आलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ मुळे वाहन विकले की त्रयस्थ पक्षाचा विमा नव्या मालकाच्या नावे गेल्याचे मानले जाते. पण तिथेही वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कंपनीच्या संमतीशिवाय जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या प्रकरणात १९९६ च्या सुमारासच स्पष्ट केले आहे. घराच्या विम्याला तर कलम १५७ सारखा आधारच नाही. विमा कायदा, १९३८ चे हस्तांतरणाविषयीचे कलम ३८ मुख्यतः आयुर्विम्यासाठी वापरले जाते. गृहविमा हा भिंतींचा नव्हे तर व्यक्तीच्या त्या भिंतींमधील हिताचा करार असतो. विकणाऱ्याचे हित संपले की पॉलिसीत भरपाई मागण्यासारखे काही उरत नाही.

विक्रेत्यांचे वकील कदाचित मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४९ पुढे करतील. हस्तांतरणाच्या दिवशी मिळकतीचा आगीविरुद्ध विमा असेल, तर विक्रेत्याच्या हाती आलेली विम्याची रक्कम मिळकत पूर्ववत करण्यासाठी वापरायला लावण्याचा अधिकार ते कलम खरेदीदाराला देते. ऐकायला हे भरघोस वाटते. परंतु त्यातला शब्दप्रयोग ‘प्रत्यक्ष मिळालेली’ रक्कम असा आहे आणि पूर्ण मोबदला मिळालेल्या विक्रेत्याला कंपनी बहुधा काहीच देणार नाही. शिवाय हे कलम आगीपुरते आहे. टाकी फुटली, पुराचे पाणी शिरले किंवा भूकंप झाला तर त्याचा उपयोग नाही. विक्रेत्यांनी खरेदीखतानंतर आपली पॉलिसी रद्द करून उरलेल्या मुदतीचा हप्ता नियमांप्रमाणे परत मागावा, हेच त्यांच्याही हिताचे आहे.

आपण स्वतः विमा दोन टप्प्यांत घ्या. किल्ली मिळेल त्या दिवसापासून, आपण आत नेणार असलेल्या फर्निचरचा, साहित्याचा आणि वस्तूंचा. आणि खरेदीखतावर सह्या होतील त्या दिवसापासून सदनिकेचा. इथे एक बारकावा आहे. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ४७ प्रमाणे नोंदवलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर ज्या दिवसापासून तो एरवी अमलात आला असता त्या दिवसापासून, म्हणजे सामान्यतः सह्यांच्या दिवसापासून, लागू होतो. शुक्रवारी सह्या आणि मंगळवारी नोंदणी झाली, तर मधल्या चार दिवसांची जोखीमही आपली ठरू शकते. म्हणून पॉलिसीचा आरंभ सह्यांच्या तारखेचा ठेवा. त्याचबरोबर विमा कायद्याच्या कलम ६४-व्हीबी प्रमाणे हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. ‘प्रस्ताव भरून दिला आहे, धनादेश उद्या देतो’ या अवस्थेत आपण विमा नसलेल्या घरात आहात. पॉलिसीवर जोखमीच्या आरंभाची तारीख आणि वेळ छापलेली असते. ती वाचल्याशिवाय कागद फाइलमध्ये ठेवू नका. दस्त दोघांच्या नावे आहे, तेव्हा पॉलिसीही दोघांच्याच नावे हवी.

बँकेबाबत सांगायचे तर, गहाण मिळकतीचा विमा काढण्याची अट बँक घालू शकते आणि ती बहुतेक कर्जकरारांत असतेच. तो विमा अमुक कंपनीचा आणि बँकेमार्फतच घ्यावा, अशी सक्ती मात्र तिला करता येत नाही. विमा विकणाऱ्या मध्यस्थांना असा आग्रह धरण्यास विमा नियामकाची मनाई आहे. अधिकाऱ्याला ईमेलने एवढेच विचारा की, आपल्याकडूनच विमा घेणे बंधनकारक असल्याचे कर्जमंजुरीच्या कोणत्या अटीत लिहिले आहे. लेखी उत्तर सहसा येत नाही आणि आग्रहही मावळतो. दुसरे म्हणजे, बँकेने पुढे केलेला कागद मुळात घराचा विमा आहे की कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा जीवनविमा, हे पाहा. दोन्हींना बोलताना ‘लोनचा इन्शुरन्स’च म्हटले जाते, पण जीवनविम्याने जळालेल्या भिंतीला रंगाचा एक हातही मिळत नाही. त्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवला की त्यावर वर्षानुवर्षे व्याजही चालते. बाहेरून घेतलेल्या पॉलिसीत बँकेच्या हिताची नोंद मात्र करावी लागेल. भरपाईची रक्कम त्यामुळे आधी बँकेकडे जाऊ शकते, हे लक्षात असू द्या.

विमा कितीचा काढावा, यात कर्जाची रक्कम किंवा खरेदीची किंमत हा आधार चुकीचा आहे, कारण किमतीत जमिनीचा मोठा वाटा असतो आणि जमीन जळत नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने आणलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत घराची विमा रक्कम चटई क्षेत्र गुणिले त्या वेळचा बांधकामखर्च अशी काढतात. समजा, चटई क्षेत्र ६५० चौरस फूट आहे आणि बांधकामखर्च चौरस फुटाला ३,००० रुपये धरला, तर ती रक्कम १९,५०,००० रुपये होते. घरातील सर्वसाधारण वस्तूंना त्याच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. इथे ते ३,९०,००० रुपये होईल. आपल्या फर्निचरचे अंदाजपत्रक यापेक्षा मोठे असेल, तर वस्तूंची यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची मिळते आणि चटई क्षेत्र खरे सांगितले असेल, तर घराचा विमा कमी रकमेचा होता म्हणून भरपाई कापली जात नाही.

तिच्या बाहेर काय राहते हेही ऐकून ठेवा. निव्वळ घरफोडी तिच्यात येत नाही. आग किंवा पूर यांसारख्या विमा घेतलेल्या घटनेमुळे, सात दिवसांच्या आत झालेली चोरीच येते. कामगारांची रोजची ये-जा असलेल्या घरात चोरीचे संरक्षण वेगळे घ्या. दागिने आणि मौल्यवान वस्तू ऐच्छिक भागात येतात. आपल्या नव्या नळजोडणीतून पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्यांचे छत खराब झाले, तर त्या दायित्वालाही वेगळे संरक्षण लागते आणि माझ्या अनुभवात सदनिकांमधील सर्वाधिक भांडणे आगीची नसून याच पाण्याची असतात.

संस्थेच्या विम्याविषयी सचिवांना दोष देणार नाही. आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा विमा काढणे हे संस्थेचेच काम आहे आणि मासिक आकारात त्याचा वाटा असतो. पण ती पॉलिसी संस्थेच्या नावे असते, भरपाई संस्थेला मिळते आणि आपले फर्निचर तिच्यात नसते. तिची प्रत मागून मुदत आणि रक्कम पाहा.

प्रस्ताव भरताना सदनिकेत सध्या कोणी राहत नाही, अंतर्गत काम चालू आहे आणि खरेदीखत अमुक तारखेला होणार आहे, हे न विचारताही लिहून द्या. विम्याचा करार पराकोटीच्या सद्भावनेचा मानला जातो. तीन वर्षांनंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून पॉलिसीला आव्हान देता येत नाही, असे आपण ऐकले असेल. ते विमा कायद्याच्या कलम ४५ चे संरक्षण आयुर्विम्याला आहे, घराच्या विम्याला नाही. घर ठरावीक दिवसांपेक्षा अधिक काळ बंद वा रिकामे राहिल्यास कंपनीला कळवण्याची अट आहे का, तेही पॉलिसीत पाहून घ्या.

यदाकदाचित दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ती फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते; महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत आणि तिथे वकिलाची गरज नाही. ग्राहक आयोगाची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

शेवटी सामान हलवण्याचा दिवस. गृहविमा पॉलिसीवरील पत्त्यावरच्या वस्तूंना असतो. ट्रकमधील कपाटाला तो लागू नाही. रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा, २००७ आणि त्याखालील नियमांप्रमाणे, मालाचे अधिक मूल्य आधी जाहीर करून जास्तीचा आकार भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. भाडे १२,००० रुपये असेल, तर मर्यादा १,२०,००० रुपयांची. म्हणून प्रवासातील सामानाचा वेगळा विमा घ्या, पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का आहे का ते गाडी निघण्यापूर्वी पाहा, आणि काही फुटले वा हरवले तर वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत ती दिली नाही, तर त्याच्यावर दावा लावता येत नाही.