डिक डेव्हिस इराणी नसताना फारसीचे एवढे मोठे अनुवादक कसे मानले जातात? मूळ भाषिक नसलेल्या माणसाच्या अनुवादावर विश्वास ठेवावा का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा वाचला आणि गॅस बंद करून इथे येऊन बसले. मी मूळची सातारची, लग्न होऊन धारवाडला आले, आणि कन्नडमधून मराठीत कथा आणायला लागले तेव्हापासून हे वाक्य ऐकतेय. बहुतेक वेळा सख्ख्या भावाच्या तोंडून. तेव्हा उत्तर लांबणार.

आधी डेव्हिस. जन्म १९४५, इंग्लंडमधलं पोर्ट्समथ. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले, मग ग्रीस आणि इटलीत शिकवलं. १९७० मध्ये तेहरानला गेले ते आठ वर्षं तिथेच रमले. १९७४ मध्ये अफखम दरबंदी यांच्याशी लग्न केलं. १९७८ मध्ये क्रांतीची धामधूम सुरू झाल्यावर दोघांनी इराण सोडला. आधी इंग्लंड, मग अमेरिका. ओहायो स्टेट विद्यापीठात ते फारसीचे प्राध्यापक होते, तिथल्या विभागाचे प्रमुखही झाले. म्हणजे इराणात परके, अमेरिकेतही बाहेरून आलेले, आणि शिक्षण संपल्यावर मायदेशात राहिले ते मधल्या मधल्या वर्षांपुरतेच.

आता एक तारीख नीट बघा. दरबंदी आणि डेव्हिस यांनी मिळून केलेला फारसी सूफी कवी अत्तारच्या 'मन्तिक-उत-तैर'चा, म्हणजे पक्ष्यांच्या संमेलनाचा, इंग्रजी अनुवाद पेंग्विनने १९८४ मध्ये काढला. डेव्हिस यांना मँचेस्टरची फारसीतली पीएच.डी. मिळाली १९८८ मध्ये. अनुवाद आधी, पदवी नंतर. ज्यांना प्रमाणपत्र बघितल्याशिवाय कुणावर विश्वास टाकता येत नाही, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. (दादा, तू हे वाचणारच आहेस.)

आणि हे सगळं व्हायच्या आधीपासून ते कवी होते. पहिला संग्रह १९७५ चा. छंदात, यमकात लिहिणारे, तेही इंग्रजीतल्या बहुतेकांनी यमक गुंडाळून ठेवलं होतं त्या काळात. त्यांच्या कवितेत परदेशी राहणं, आपलं म्हणावं असं ठिकाण कुठलं, हे विषय सारखे येतात. २००२ च्या एका संग्रहाचं नावच 'बिलाँगिंग' आहे. हा यमकाचा हात त्यांना अनुवादात कामी आला. अत्तारचं मूळ काव्य मसनवी आहे, दोन-दोन ओळींना यमक. ते त्यांनी इंग्रजीतल्या जुन्या द्विपदीत आणलं आणि शेकडो पानं ती चाल कुठे अडखळली नाही. अकराव्या शतकातल्या गुर्गानीचं 'वीस ओ रामीन' हे प्रेमकाव्य २००८ मध्ये आणलं तेही द्विपदीतच. हे नुसतं फारसी येणाऱ्याचं काम नव्हे. फारसी येणारे हजारो असतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्या भाषेतून आणायचं ती भाषा शिकता येते. ज्या भाषेत लिहायचं ती मात्र हाडामासाची लागते. डेव्हिस इंग्रजीत लिहितात आणि इंग्रजी त्यांची आहे. मी मराठीत लिहिते, मराठी माझी आहे. इराणी माणसाने इंग्रजीत केलेला अनुवाद आपोआप जास्त खरा, असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

आता आमच्याकडची गोष्ट.

सांगलीकडच्या एका गावात वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि माझ्या दुसऱ्या पुस्तकाला त्यांनी छोटासा पुरस्कार दिला होता. आम्ही दोघं गेलो, दादाही आला. माझी ओळख करून देताना निवेदक म्हणाले, "वहिनींच्या घरातच कन्नड नांदतंय! साहेब मूळचे धारवाडचे, तेव्हा अनुवादाचा निम्मा भार साहेबांनीच उचललेला असणार." टाळ्या. आणि टाळ्या वाजतायत तोवर साहेबांना व्यासपीठावर बोलावून त्यांनाही शाल आणि नारळ! आमचे हे वीज खात्यात होते. कन्नड असो की मराठी, पेपरातलं क्रिकेटचं पान सोडून त्यांनी काही वाचल्याचं मला आठवत नाही. माझ्या पुस्तकांची मुखपृष्ठं तेवढी त्यांनी पाहिली आहेत, ती चांगली आहेत असंही म्हणाले आहेत. पण शाल घेतली. नंतर मला म्हणाले, "नको म्हणणं बरं दिसलं नसतं." थंडीत अजून तीच पांघरतात आणि मी बघत बसते.

खरं सांगायचं तर मदत झालीच होती. नवऱ्याची नव्हे, सासूबाईंची. त्यांचं शिक्षण कन्नड चौथीपर्यंत. मराठी त्यांना समजायचं, धारवाडच्या त्या पिढीत बऱ्याच जणींना समजतं. दुपारी त्या पावटे सोलत बसायच्या आणि मी आधी मूळ कन्नड उतारा, मग माझं मराठी मोठ्याने वाचायची. शब्दावर त्या कधी अडल्या नाहीत. अडायच्या त्या सुरावर. "ही बाई इतकं गोडीगुलाबीत बोलत नाहीये. रागावलीय ती. तुला दिसलं नाही?" मग मी सगळा संवाद खोडून पुन्हा लिहायची. एका कथेतल्या म्हाताऱ्याच्या तोंडी मी फार शहाणं मराठी घातलं होतं, तर त्या एवढंच म्हणाल्या की हा माणूस तालुक्याला शिकायला गेलेला दिसतो. म्हातारा पुन्हा गावात आणून बसवायला मला पुढचा आठवडा गेला. शब्दकोश असलं काही सांगत नाही.

हे सगळं मी पुस्तकाच्या मनोगतात लिहिलं होतं. प्रकाशकांनी पानांचा हिशेब बसत नाही म्हणून मनोगत अर्ध्या पानावर आणलं, त्यात नेमके सासूबाईंचे परिच्छेद गेले. पुढच्या आवृत्तीत घालू म्हणाले. पुढची आवृत्ती निघालीच नाही, आणि सासूबाईही गेल्या.

त्यानंतर काही वर्षांनी अत्तारच्या त्या अनुवादाची पेंग्विन प्रत हातात आली. त्यात अनुवादकांची नावं अशी आहेत: अफखम दरबंदी आणि डिक डेव्हिस. आधी तिचं, मग त्यांचं. आणि तरीही जगभर लोक म्हणतात "डेव्हिसचा अत्तार". तुमच्याही प्रश्नात दरबंदी बाई कुठे नाहीत! राग धरू नका, पण तुम्ही ज्यांच्यावर विश्वास ठेवावा का असं विचारताय त्यांच्या पहिल्या मोठ्या फारसी कामात अस्सल फारसी भाषिक माणूस शेजारीच बसलेला होता. चांगल्या अनुवादाच्या घरात बहुधा दोन माणसं असतात. कुणाचं नाव छापायचं ते बाहेरचे ठरवतात.

त्या पुरस्काराच्या कार्यक्रमाहून परतताना गाडीत दादा काय म्हणाला ते सांगते, कारण भांडण तिथे सुरू झालं आणि आजतागायत मिटलेलं नाही. दादा इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक. म्हणाला, "निवेदक काही फार चुकला नाही. तुझं कन्नड शिकलेलं आहे, जन्माचं नाही. कवितेचा तर सोडच, कथेचासुद्धा अनुवाद मूळ भाषिकानेच करावा." हाच दादा प्रत्येक कौटुंबिक जेवणानंतर माधव ज्यूलियनांच्या रुबाया म्हणून दाखवतो! माधव त्रिंबक पटवर्धन काय इराणातल्या शिराजला जन्मले होते? जन्म बडोद्याचा, फारसी शिकलेली. फर्ग्युसनमध्ये ती शिकवली, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश काढला. उमर खय्यामच्या रुबाया १९२९ मध्ये थेट फारसीवरून मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या' वेगळी केली, कारण ही दोन निरनिराळी पुस्तकं आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मराठीत गझल रुजवली ती याच शिकलेल्या फारसीच्या जोरावर. मग पटवर्धनांना चालतं ते तुझ्या बहिणीला का चालत नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. विचारलं की विषय बदलतो.

विश्वास ठेवू नये असे लोकही आहेत, पण त्यांची ओळख जन्मावरून होत नाही. अमेरिकी कवी कोलमन बार्क्स यांचे फारसी सूफी कवी रूमीचे 'अनुवाद' अमेरिकेत प्रचंड खपले. त्यांना फारसी येत नव्हती. त्यांनी ते लपवलंही नाही. दुसऱ्यांचे जुने इंग्रजी अनुवाद घेऊन त्यांवरून मुक्तछंदात कविता रचल्या. आवडत असतील तर खुशाल वाचा. पण भिंतीवर टांगायला जी गोड-गोड रूमीवचनं मिळतात त्यांत देव, कुराण, शिस्त, भीती यांतलं काही उरलेलं नसतं. डेव्हिस असं गुळगुळीत करत नाहीत. उलट, फारसी गझलकार हाफिज इंग्रजीत का आणता येत नाही यावर त्यांनी २००४ मध्ये 'ऑन नॉट ट्रान्सलेटिंग हाफिज' नावाचा लेख लिहिला. आणि २०१२ मध्ये स्वतःच हाफिजचा अनुवाद काढला! मला हे फार आवडलं. अडचणी सगळ्या चव्हाट्यावर मांडायच्या आणि मग पदर खोचून कामाला लागायचं.

त्या पुस्तकात हाफिज एकटा नाही. चौदाव्या शतकातल्या शिराजचे तिघं आहेत: हाफिज, तिरकस उबैद जाकानी आणि जहान मलिक खातून. ही राजघराण्यातली बाई, शिराजवर सत्ता असलेल्या अबू इसहाकची पुतणी. चुलत्याचं राज्य गेलं, तो मारला गेला, हिच्यावर वाईट दिवस आले. तिचा भलामोठा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, टिकून आहे, आणि त्याच्या प्रास्ताविकात ती लिहिते की बाईने कविता करणं बरं दिसेल का म्हणून आपण कचरत होतो, पण इतर थोर घरच्या बायकांनीही लिहिलंय हे कळल्यावर धीर आला. हाफिजला जग ओळखतं, त्याच गावातल्या, त्याच काळातल्या हिला किती जण ओळखत होते? २०१९ मध्ये तर डेव्हिस यांनी हजार वर्षांतल्या फारसी कवयित्रींचं एक अख्खं संकलन केलं.

जाता जाता, हाफिज आमच्या बाजूला येता येता राहिलाय. बहामनी दरबारातून त्याला बोलावणं गेलं होतं, वाटखर्चाचे पैसेही गेले होते. तो इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजावर चढला आणि वादळ बघून उतरून परत गेला, असं इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवलंय. फरिश्त्याने ते लिहिलं विजापुरात बसून. विजापूर आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून मला ही गोष्ट घरची वाटते.

वाचायचं कुठून? कविता फारशी वाचत नसाल तर इरज पिजिश्कजाद यांची 'माय अंकल नेपोलियन' ही कादंबरी घ्या, डेव्हिस यांचा अनुवाद १९९६ चा. इंग्रजांच्या कारस्थानांनी झपाटलेला एक काका आणि त्याच्यामागे फरफटणारं सगळं खानदान. तिच्यावरची टीव्ही मालिका इराणात १९७६ मध्ये गाजली तेव्हा डेव्हिस तेहरानातच राहत होते. हसून हसून पुरेवाट होते. त्यानंतर शिराजचे तिघं. 'शाहनामा' शेवटी.

आता 'शाहनामा'बद्दल, म्हणजे इराणच्या राजांच्या आणि वीरांच्या महाकाव्याबद्दल, सांगायलाच हवं. फिरदौसीने तो १०१० च्या सुमारास पुरा केला, सुमारे ५०,००० द्विपदी. डेव्हिस यांनी तो बहुतांश गद्यात आणलाय आणि भावना फार दाटते तिथे पद्यात शिरलेत. इराणातले नक्काल, म्हणजे चहाखान्यात बसून वीरकथा रंगवणारे कथेकरी, अशीच गद्यपद्याची सरमिसळ करतात, त्यावरून ही रीत घेतली. शिवाय काही भाग गाळले आहेत, काही थोडक्यात सांगितले आहेत. ओळ न ओळ हवी असेल तर वॉर्नर बंधूंचा १९०५ ते १९२५ मध्ये निघालेला नऊ खंडांचा पद्यानुवाद आहे. तो वाचून झाला की मला कळवा, सत्कार करू. शाल माझ्याकडे नाही, नारळ देईन.

मला स्वतःला फारसी येत नाही, हेही सांगून टाकते. मी बोलतेय ते इंग्रजी वाचून, आणि अनुवादाच्या कामाची जी ओळख आहे तिच्या आधारावर. आणि वर मी जो नियम ठणकावून सांगितला, लिहायची भाषा हाडामासाची लागते वगैरे, त्याला माझ्याच गावात खिंडार आहे: द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, कविता कन्नडमध्ये, आणि १९७३ चं ज्ञानपीठ. दादाने हे नाव अजून काढलेलं नाही. काढलं की मी म्हणणार, बघ, म्हणजे तुझं तर त्याहून चुकलं.

अत्तार घेणार असाल तर २०११ ची सुधारित आवृत्ती घ्या. १९८४ च्या आवृत्तीत मूळ काव्याचं आरंभीचं स्तवन आणि शेवटचा उपसंहार गाळले होते, ते या आवृत्तीत आले आहेत. आणि ग्रंथालयात शोधताना दरबंदी या नावाने शोधा.